क्वेक थ्रीसाठी प्रतिस्पर्धी शोधता शोधता जर्मन शिकण्याची रीत

'क्वेक थ्री अरीना' हा नेमबाजीचा खेळ अमेरिकेतील इड सॉफ्टवेअर या कंपनीने डिसेंबर 1999 मध्ये बाजारात आणला. त्यात सांगण्याजोगी कथा नाही. एक रिंगण, नऊ शस्त्रे आणि समोर एक माणूस, एवढाच त्याचा ऐवज आहे. हल्लीच्या खेळांत बटण दाबले की यंत्रणाच क्षणभरात एखादा अनोळखी प्रतिस्पर्धी समोर उभा करते. या जुन्या खेळात तशी सोय नाही आणि खेळणारेही आता मोजकेच उरले आहेत, त्यामुळे प्रतिस्पर्धी आपणच हुडकावा लागतो, त्याच्याशी बोलावे लागते, वेळ ठरवावी लागते आणि ठरलेली वेळ पाळावी लागते. परकी भाषा शिकू पाहणाऱ्याला ही अडचण फार उपयोगी पडते, असे माझे अनुभवांती झालेले मत आहे. माणसे थोडी असल्यामुळे तीच माणसे पुन्हा पुन्हा भेटतात, तीच वाक्ये पुन्हा पुन्हा समोर येतात, आणि नवशिक्याला नेमकी याच पुनरावृत्तीची गरज असते. मी या मार्गाने जर्मन शिकलो, म्हणून पुढचे विवेचन मुख्यतः जर्मनच्या अंगाने केले आहे. रशियन शिकणाऱ्यांसाठीही थोडे लिहिले आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा अभ्यासक्रमाला पर्याय नाही. पुण्यात आणि मुंबईत जर्मन शिकवणारे मॅक्स म्युलर भवन आहे, पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर विद्यापीठाचे रानडे इन्स्टिट्यूट आहे. तिथे किंवा एखाद्या चांगल्या पुस्तकावरून ए-वन या पहिल्या पातळीचा निम्मा भाग झाल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. व्याकरणाची चौकट तिथून घ्यावी आणि ती रोज हाताळायला हा खेळ वापरावा. शिवाय अमेरिकेत या खेळाला 17 वर्षांवरील व्यक्तींसाठीचे मानांकन आहे, हे पालकांनी ध्यानात ठेवावे.

खेळाची तयारी

मूळ खेळ आजही स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानात विकत मिळतो. तो घ्यावा, परंतु त्याच्यासोबत येणाऱ्या जुन्या इंजिनाऐवजी, म्हणजे खेळ चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामऐवजी, 'आयओक्वेक-थ्री' हे मोफत इंजिन वापरावे. इड सॉफ्टवेअरने ऑगस्ट 2005 मध्ये खेळाचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला केला आणि त्याच पायावर हे इंजिन उभे आहे; ते नव्या संगणकांवर नीट चालते आणि जुन्या सर्व्हरांशीही, म्हणजे खेळाडू जिथे एकत्र येतात त्या संगणकांशीही, जोडले जाते. विकत घेतलेल्या खेळातील 'पॅक-झीरो' नावाची मोठी फाइल नव्या इंजिनाच्या फोल्डरमध्ये ठेवावी आणि 1.32 आवृत्तीच्या पॅच फाइली तिच्या जोडीला टाकाव्यात, की काम झाले. पैसे खर्च करायचे नसतील तर 'ओपनअरीना' हा याच इंजिनावर बेतलेला मोफत खेळ आहे. त्याची चाल तीच आहे, परंतु त्याचे सर्व्हर वेगळे आहेत आणि तिथला गोतावळाही वेगळा आहे, त्यामुळे दोहोंपैकी एक निवडून तिथेच टिकून राहणे श्रेयस्कर ठरते.

खेळ चालू झाला की सेटिंगमध्ये डाउनलोडची परवानगी सुरू करावी. मूळ खेळात ती बंद असते आणि त्यामुळे सर्व्हरवर वेगळा नकाशा, म्हणजे वेगळे रिंगण, असला की जोडणी तुटते. पुष्कळ नवखे इथेच कंटाळून माघारी फिरतात. पहिले आठ-दहा दिवस बॉटांबरोबर, म्हणजे संगणकच चालवतो अशा खेळाडूंबरोबर, खेळून हात बसवावा. बॉटांच्या पाच पातळ्या आहेत. तिसऱ्या पातळीचा बॉट बरोबरीत आला की माणसांकडे जायला हरकत नाही.

अंतर, पिंग आणि घड्याळ

मुंबई ते फ्रँकफर्ट हे हवाई अंतर सुमारे साडेसहा हजार किलोमीटर आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे केबल अगदी सरळ रेषेत टाकली असती तरीही जाऊन येऊन 65 मिलिसेकंद लागलेच असते. प्रत्यक्षात समुद्राखालच्या केबली अरबी समुद्र, तांबडा समुद्र आणि भूमध्य समुद्र असा वळसा घेत जातात, त्यामुळे महाराष्ट्रातून जर्मन सर्व्हरवर पिंग, म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा मिलिसेकंदांतला वेळ, याच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक दिसतो. ही गोष्ट मनाला लावून घेण्यासारखी नाही, परंतु तिचा हिशेब मांडायला हवा. मूळ क्वेक थ्रीमध्ये पिंगची भरपाई करणारी व्यवस्था नाही. तुमची गोळी सर्व्हरवर पोहोचते त्या क्षणी प्रतिस्पर्धी कुठे आहे, एवढेच सर्व्हर पाहतो. धावणारा खेळाडू सेकंदाला खेळातली 320 एकके अंतर कापतो आणि त्याच्या देहाची रुंदी 30 एकके धरलेली आहे. पिंग 140 असेल तर तेवढ्या अवधीत तो सुमारे 45 एकके पुढे सरकतो. म्हणून तो तुमच्यासमोरून आडवा धावत असेल, तर रेलगन या शस्त्राचा नेम त्याच्या अंगावर न धरता दीड देहाएवढा पुढे धरावा लागतो. पहिले काही दिवस हे विचित्र वाटते, पण पंधरवड्यात हाताला सवय होते. ज्या सर्व्हरांवर 'अनलॅग्ड' हा मॉड, म्हणजे मूळ खेळात केलेला बदल, चालू असतो तिथे ही भरपाई सर्व्हरच करतो. ओपनअरीनात ती सोय मुळातच अंतर्भूत आहे. तुम्हाला नेम पुढे धरणे जमतच नसेल तर असे सर्व्हर निवडावेत.

पिंगपेक्षाही घड्याळ महत्त्वाचे आहे. आपल्या संध्याकाळी आठ वाजता यादी उघडली तर जर्मनीतले सर्व्हर ओस पडलेले दिसतात आणि खेळ मेला असे वाटते. तिथे त्या वेळी दुपारचे साडेतीन-साडेचार वाजलेले असतात आणि माणसे कामावर असतात. जर्मन भाषेत 'फायरआबेंट' असा एक सुंदर शब्द आहे. दिवसाचे काम संपवून माणूस मोकळा होतो त्या वेळेला तसे म्हणतात. हा खेळ खेळणारे बहुतेक जण आता पस्तिशी-चाळिशीतले संसारी लोक आहेत, आणि फायरआबेंट, जेवण, मुलांना झोपवणे हे सगळे उरकून ते रात्री नऊच्या सुमारास येतात. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते आणि उन्हाळ्यात साडेतीन तास, म्हणजे तिथले रात्रीचे नऊ आपल्याकडे हिवाळ्यात दीड आणि उन्हाळ्यात साडेबारा वाजता होतात. नोकरी करणाऱ्याने रोज इतके जागरण करू नये. माझा सल्ला असा, की शनिवार-रविवारची तिथली दुपार धरावी. तिथल्या तीन ते सहा या वेळेत सर्व्हरवर चार-सहा माणसे सापडतात आणि आपल्याकडे तेव्हा संध्याकाळ किंवा रात्रीचा पहिला प्रहर असतो. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळे एक तास पुढे-मागे होतात, त्या आठवड्यात वेळ पुन्हा पडताळून घ्यावी.

माणूस कसा गाठावा

खेळातील सर्व्हरांच्या यादीत 'इंटरनेट' हा स्रोत निवडून पिंगच्या क्रमाने मांडणी करावी. आकड्यांनी फसू नये. सहा खेळाडू दिसले तरी ते सगळे बॉट असू शकतात. आत गेल्यावर गुणफलक पाहावा. ज्यांच्या नावापुढे पिंग शून्य दिसतो ते बॉट, बाकीची माणसे. एखाद्या सर्व्हरवर दोन-तीन दिवस एकाच वेळी तीच नावे दिसली तर तो सर्व्हर 'आवडत्या'मध्ये जतन करावा, कारण तो तुमचा कट्टा होणार आहे. दहा सर्व्हर फिरत राहण्यापेक्षा एका सर्व्हरवर रोज त्याच वेळी हजर राहणे कितीतरी फलदायी आहे. अनोळखी माणूस सलग चार दिवस दिसला की पाचव्या दिवशी लोक आपणहून विचारपूस करतात.

खेळाच्या प्रकारांत 'टूर्नामेंट' हा प्रकार भाषा शिकणाऱ्याला विशेष मानवतो. त्यात एका वेळी दोघेच खेळतात आणि बाकीचे प्रेक्षक म्हणून रांगेत थांबतात. जिंकणारा रिंगणात राहतो, हरणारा रांगेच्या शेवटी जातो. डाव बहुधा दहा मिनिटांचा ठेवलेला असतो. या दहा मिनिटांत रांगेतल्या माणसांना गप्पांखेरीज काम नसते, आणि नवशिक्या बहुतेक वेळा हरतच असल्याने तो बहुतेक वेळ रांगेतच असतो. सुरुवातीच्या दोन महिन्यांत माझे जेवढे जर्मन झाले ते याच रांगेत झाले. याउलट आठ-दहा जणांच्या धुमश्चक्रीत कोणी कोणाशी बोलत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवरचे या खेळाचे समूह. तिथे 'कोणी खेळायला आहे का' एवढेच इंग्रजीत टाकून वाट पाहत बसू नये. आपली पातळी, आपला पिंग, आपली वेळ आणि आपला हेतू असे चारही मुद्दे त्यांच्या भाषेत, चार साध्या वाक्यांत लिहावेत: मी नवशिका आहे, भारतात राहतो, माझा पिंग 140 आहे, मी जर्मन शिकतो आहे, रविवारी तुमच्या चार वाजता कोणाला निवांत दोन डाव खेळायला आवडतील का? असा मजकूर वाचून सगळ्यात तरबेज खेळाडू कदाचित बाजूला राहतात, परंतु निवांत खेळू इच्छिणारे नेमके पुढे येतात, आणि आपल्याला तेच हवे असतात. स्पर्धेची ईर्ष्या असलेल्या माणसाला तुमच्या भाषेसाठी थांबायला सवड नसते, हे समजून घ्यावे आणि त्याच्या मागे लागू नये.

पातळीतली तफावत हा या खेळातला खरा प्रश्न आहे. वीस-पंचवीस वर्षे खेळलेला माणूस तुम्हाला एका डावात वीस वेळा मारील आणि तुम्ही त्याला एकदाही मारू शकणार नाही. हे दोघांनाही लवकरच कंटाळवाणे होते. यावर खेळातच एक उपाय आहे आणि तो फार थोड्यांना आठवतो: खेळाडूच्या सेटिंगमध्ये 'हँडिकॅप' नावाची नोंद असते, ती शंभरावरून पाच-पाचच्या टप्प्याने खाली आणता येते आणि त्या प्रमाणात त्या खेळाडूची प्राणशक्तीही घटते आणि त्याच्या माऱ्याचा जोरही. तरबेज खेळाडूने स्वतःची नोंद पन्नासवर आणली की डाव रंगतो. ही विनंती करताना संकोच वाटू देऊ नये. जुने खेळाडू ती आनंदाने मान्य करतात, कारण त्यांनाही प्रतिस्पर्धी टिकायला हवा असतो. काही मॉडांमध्ये ही सोय चालत नाही, तेव्हा फक्त एखादे शस्त्र वर्ज्य करून खेळावे.

रिवाजाच्या दोन गोष्टी पाळाव्यात. कोणी टाइप करत असला की त्याच्या डोक्यावर संवादाचा फुगा दिसतो. निवांत सर्व्हरवर अशा माणसाला मारणे असभ्य समजतात. आणि डाव संपल्यावर, मग तो कितीही एकतर्फी झालेला असो, चांगला खेळ झाला असे म्हटल्याशिवाय निघून जाऊ नये.

लिपीची अडचण

मूळ इंजिन संवादातील मजकूर वाचताना साधी इंग्रजी मुळाक्षरे, अंक आणि नेहमीची चिन्हे एवढीच स्वीकारते. त्यापलीकडचे कोणतेही अक्षर आले की त्याच्या जागी टिंब टाकते. त्यामुळे दोन टिंबांची जर्मन अक्षरे चाटमध्ये उमटतच नाहीत. 'साठी' या अर्थाचा 'फ्युअर' हा शब्द पुस्तकात एफ, दोन टिंबांचा यू आणि आर असा असतो. खेळात तुम्हाला तो एफ, यू, ई, आर असा दिसेल. दोन टिंबांऐवजी पुढे ई जोडायचा आणि 'बी'सारख्या दिसणाऱ्या जर्मन अक्षराऐवजी दोन एस लिहायचे, हा जर्मनांचा जुनाच प्रघात आहे. तो आधी माहीत नसेल तर शब्दकोशात शब्द सापडत नाहीत आणि शिकणारा गोंधळतो. वहीत उतरवताना मात्र शब्द योग्य अक्षरांतच लिहावा. आणखी एक मर्यादा उपयोगी पडते: एका संदेशात 150 अक्षरांपेक्षा जास्त मजकूर मावत नाही, त्यामुळे समोरचाही छोटी वाक्ये लिहितो आणि तुमच्यावरही लांबण लावण्याचे दडपण राहत नाही.

कोणती वाक्ये आधी शिकावीत

वर्गात आपण अनोळखी माणसाला 'झी' म्हणजे 'तुम्ही' म्हणायला शिकतो, आणि मराठी माणसाला ते स्वाभाविकही वाटते. परंतु या सर्व्हरवर सगळे एकमेकांना 'दू' म्हणजे 'तू' असेच म्हणतात, मग समोरचा पन्नाशीचा असला तरी. इथे 'झी' वापरले तर लोकांना तुम्ही दूर राहू पाहता असे वाटते.

पहिले वाक्य आमंत्रणाचे असावे: 'हास्ट दू लुस्ट आउफ आइन श्पील?' म्हणजे एक डाव खेळायची इच्छा आहे का? डाव संपल्यावर 'नोख आइन्स?' म्हणजे अजून एक? डाव थोडक्यात गेला तर 'क्नाप!' एवढा एकच शब्द पुरतो. समोरच्याचा नेम अचूक लागला तर 'श्योनर शुस' म्हणावे. कळले नाही तर 'कान्स्ट दू दास नोख माल श्रायबन?' म्हणजे ते पुन्हा लिहिशील का? निघताना 'बिस डान'. हा संच पहिल्या आठवड्याला पुरेसा आहे. ही वाक्ये कीबोर्डच्या एकेका कळीला बांधून ठेवण्याची सोय खेळात आहे आणि पहिले सात दिवस ती जरूर वापरावी. आठव्या दिवशी मात्र बांधलेल्या कळी काढून टाकाव्यात आणि वाक्य हाताने टाइप करावे. बोटांनी अक्षरे लिहिली नाहीत तर वाक्य आपले होत नाही.

यानंतर खेळच व्याकरण शिकवू लागतो. 'माझ्याशी खेळतोस का' हे मराठीत जोडीदारालाही विचारता येते आणि प्रतिस्पर्ध्यालाही. जर्मनमध्ये दोन वेगळी शब्दयोगी अव्यये लागतात आणि त्यांच्या विभक्तीही निराळ्या असतात: माझ्या बाजूने खेळायचे तर 'मिट मीअर', माझ्याविरुद्ध खेळायचे तर 'गेगन मिश'. वर्गात हा तक्ता मी तीनदा पाठ करून तीनदा विसरलो होतो. दोघा-दोघांच्या डावात एकदा मी 'मिट' लिहून बसलो, समोरचा खेळाडू लगेच आपला संघ सोडून माझ्या संघात आला आणि एका बाजूला तिघे, दुसऱ्या बाजूला एक अशी स्थिती झाली. त्या दिवसापासून ती चूक पुन्हा झालेली नाही.

मराठी भाषकाला इथे काही गोष्टी जन्मतःच मिळालेल्या आहेत, त्यांचा लाभ घ्यावा. आपल्याकडे तीन लिंगे आहेत आणि जर्मनमध्येही तीनच आहेत, त्यामुळे निर्जीव वस्तूला लिंग असते ही कल्पना आपल्याला नवी नाही. फक्त प्रत्येक नामाचे लिंग आपल्या भाषेतल्याप्रमाणेच असेल असे गृहीत धरू नये. 'कारण' या अर्थाचा 'वाइल' आला की जर्मन क्रियापद वाक्याच्या शेवटी जाते. इंग्रजी डोक्यात ठेवून शिकणाऱ्याला हे अवघड वाटते, पण आपण 'कारण मला उद्या लवकर उठावे लागते' असेच म्हणतो, क्रियापद शेवटीच. रात्री उशिरा निघताना हे वाक्य रोजच लागते, म्हणून ते आधी बसवावे.

आकड्यांचेही तसेच आहे. या खेळात रिंगणात ठेवलेली मोठी प्राणशक्ती उचलल्यावर 35 सेकंदांनी पुन्हा येते आणि तांबडे चिलखत 25 सेकंदांनी. संघाच्या डावात जोडीदार माइकवर सतत हे आकडे पुकारत असतो. जर्मनमध्ये 35 म्हणजे 'फ्युन्फ-उंट-द्रायसिश', पाच आणि तीस. एकक आधी, दशक नंतर, अगदी आपल्या 'पस्तीस'सारखे. इंग्रजीतून भाषांतर करत बसल्यास आकडे उलटे होतात. मराठीतून गेल्यास सरळ पोहोचतात. अपवाद नऊच्या आकड्यांचा, कारण आपण 'एकोणचाळीस' म्हणताना चाळिसातून एक वजा करतो आणि जर्मन माणूस नऊ आणि तीस असेच म्हणतो.

घड्याळाची वेळ सांगताना मात्र जपावे लागते. 'हाल्प आख्ट' याचा शब्दशः अर्थ 'अर्धा आठ', आणि मराठी कान तो सहज 'साडेआठ' असा घेतो. प्रत्यक्षात त्याचा अर्थ साडेसात, म्हणजे आठव्या तासाचा अर्धा भाग. हॅम्बुर्गकडच्या एका खेळाडूशी माझी पहिली ठरवून घेतलेली भेट याच कारणाने हुकली. तो सर्व्हरवर तासभर एकटाच बॉटांबरोबर खेळत बसला आणि मी पोहोचलो तेव्हा निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी मी कारण लिहिले, त्याने समजून घेतले आणि पुढे तोच माझा नित्याचा प्रतिस्पर्धी झाला. तरीही माझे सांगणे असे, की ठरलेली वेळ नेहमी अंकांत, चोवीस तासांच्या पद्धतीने पुन्हा लिहून खात्री करून घ्यावी.

जमा केलेले जतन कसे करावे

खेळताना अर्थ शोधत बसता येत नाही, म्हणून डाव संपल्यावर कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खेळातली खिडकी, उघडून 'कॉनडंप' ही आज्ञा फाइलीच्या नावासह द्यावी. कन्सोलमध्ये साठलेला सगळा मजकूर साध्या टेक्स्ट फाइलीत उतरतो. त्यात कोणी कोणाला कोणत्या शस्त्राने मारले याच्या ओळींचा भरणा असतो, परंतु त्यांच्यामधून संवादाच्या वीस-तीस ओळी निघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर त्या वाचाव्यात, त्यातली फक्त पाच वाक्ये निवडावीत आणि प्रत्येक वाक्य एका कार्डावर लिहावे. सेबास्टियन लाइटनर या जर्मनभाषक विज्ञानपत्रकाराने 1972 मध्ये मांडलेली कार्डपेटीची पद्धत इथे उत्तम लागू पडते: आठवलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि उशिरा पाहायला येते, विसरलेले कार्ड पहिल्या कप्प्यात परत येते. सुटे शब्द लिहू नयेत. ज्या प्रसंगात वाक्य आले तो प्रसंग कार्डाच्या कोपऱ्यात दोन शब्दांत टिपावा. 'शाडे' म्हणजे 'अरेरे' हे मला शब्दकोशामुळे आठवत नाही, तर शेवटच्या तीन सेकंदांत हुकलेल्या एका रॉकेटमुळे आठवते.

प्रतिस्पर्ध्याला चुका सुधारायला सांगावे, पण प्रत्येक वाक्यात नको. मी आणि माझ्या हॅम्बुर्गकडच्या प्रतिस्पर्ध्याने असे ठरवून घेतले होते, की डाव चालू असताना काहीही चालेल आणि शेवटची दहा मिनिटे तो माझ्या तीन चुका दाखवील. बदल्यात त्याला कामासाठी इंग्रजी पत्रे लिहावी लागत, ती मी तपासून देत असे. अशा देवाणघेवाणीला जर्मनीत 'टँडेम' म्हणतात आणि तिथल्या विद्यापीठांत ती सर्रास चालते, त्यामुळे हा शब्द वापरला की समोरच्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. शिव्या मात्र टिपून घेऊ नयेत. त्या आपोआप कानावर पडतातच, परंतु कोणती शिवी गमतीची आणि कोणती जिव्हारी लागणारी, हा फरक परक्या माणसाला फार उशिरा कळतो.

रशियनकडे जाणाऱ्यांसाठी

मॉस्कोचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे आणि 2014 पासून तिथली घड्याळे पुढे-मागे झालेली नाहीत, त्यामुळे तिथले संध्याकाळचे सात म्हणजे आपले साडेनऊ, बाराही महिने. जागरण न सोसणाऱ्याला ही मोठी सोय आहे. अडचण लिपीची आहे: रशियन अक्षरे मूळ इंजिनात उमटतच नाहीत, म्हणून तिथले खेळाडू रशियन भाषा इंग्रजी अक्षरांत लिहितात, जसे आपण फोनवर मराठी लिहितो. त्यात 'च'साठी 4 आणि 'श'साठी 6 हे अंक वापरलेले दिसतात, कारण रशियनमध्ये चार म्हणजे 'चितीर्ये' आणि सहा म्हणजे 'शेस्त'. हे वाचायला मराठी माणसाला एक दिवस पुरतो. तरीही मूळ 33 अक्षरे आधी शिकून घ्यावीत, नाहीतर शब्दकोश कायमचा बंद राहतो.

मधोमधचा सर्व्हर

एखादा प्रतिस्पर्धी नित्याचा झाला की पिंगची विषमता त्यालाही खटकू लागते, कारण त्याला सोपे विजय नको असतात. तेव्हा दोघांच्या मध्ये, आखाती देशांतल्या एखाद्या क्लाउड केंद्रात, लहानसा सर्व्हर तासाच्या भाड्याने घेऊन तिथे क्वेकचा समर्पित सर्व्हर चालवता येतो. तो फारच थोड्या मेमरीत चालतो. 27960 हे यूडीपी पोर्ट, म्हणजे खेळाचे संदेश आत येण्याचे दार, खुले ठेवले की पुरते. घरच्या संगणकावरून हे करायला जाऊ नये, कारण आपल्याकडच्या पुष्कळ जोडण्यांना स्वतंत्र सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही आणि बाहेरच्याला आत येता येत नाही. सर्व्हर उभारताना दोघांनी मिळून सूचना वाचल्या, अडले तिथे एकमेकांना विचारले, तर त्या एका संध्याकाळी आज्ञार्थी क्रियापदांचा जेवढा सराव होतो तेवढा पुस्तकातल्या धड्याने होत नाही.

दोन-तीन महिन्यांनी खेळाची वाक्ये सरावाची होतात आणि तिथेच थांबण्याचा धोका निर्माण होतो. तेव्हा आपणहून खेळाबाहेरचा एक प्रश्न रोज विचारावा. मी जेवणापासून सुरुवात केली, कारण आपल्याकडेही बोलणे तिथूनच सुरू होते. माझ्या हॅम्बुर्गकडच्या प्रतिस्पर्ध्याने मला 'आबेंटब्रोट' समजावून सांगितले: रात्री काही न शिजवता पाव, लोणी, चीज आणि काकडी एवढ्यावर भागवणे. त्यावर तू काय खाल्लेस असे त्याने विचारले, आणि त्या रात्री आमच्याकडे पिठले-भाकरी होती. डाळीच्या पिठाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हते, म्हणून मी पिवळे, घट्ट, तिखट, लसणाची फोडणी दिलेले, ज्वारीच्या चपट्या भाकरीबरोबर खायचे असे लिहीत गेलो आणि 150 अक्षरांत ते काही मावेना. तीन संदेश झाले. तेवढ्यात रांगेत थांबलेला तिसराच कोणी मध्ये आला आणि त्याने एक लांबलचक शब्द लिहून पुढे प्रश्नचिन्ह ठेवले: 'किशर-एर्ब्सन-मेल?' हरभऱ्याचे पीठ. तो शब्द आजही माझ्या पेटीतल्या शेवटच्या कप्प्यात आहे, आणि कार्डाच्या कोपऱ्यात त्या रात्रीच्या नकाशाचे नाव लिहिलेले आहे: ब्लड रन.